फाशीपूर्वी कोर्टाने काय ऐकायचं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात ओघात एक वाक्य लिहिलं होतं, की फाशी देताना न्यायाधीशांचे हात घटनेने बांधलेले असतात. त्यावर आलेली पत्रं इतक्या तळमळीची आहेत की या वेळचं सदर पूर्णपणे त्यांनाच देते आहे. भाडेकरू आणि वाटणीपत्रांचे प्रश्न पुढच्या अंकात.

रामबागेतून एक वाचक: वकीलताई, सादर नमस्कार. जून 2011 मध्ये आपल्या इंदुरात भरदिवसा घरात शिरून एकाच कुटुंबातल्या तीन पिढ्यांच्या तिघींना मारलं. सत्र न्यायालयाने तिन्ही आरोपींना फाशी दिली, उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये खून शाबीत धरला आणि तरीही फाशी काढली. फाशी कायद्यात आहे, घटनेला मान्य आहे, गुन्हा शाबीत आहे. मग अडलं कुठे?

तो आठवडा मला चांगला आठवतो. दुपारी बेल वाजली की आमच्या लोकमान्य नगरातल्या बायका आधी खिडकीतून बघायच्या, आणि जाळीचं दार बसवून देणाऱ्या लोहाराला फुरसत नव्हती. तुमचा राग मला परका नाही. पण "गुन्हा शाबीत आहे" असं म्हणून तुम्ही जिथे थांबलात, तिथून पुढेच घटनेचं काम सुरू होतं.

अनुच्छेद 21 सांगतो की कायद्याने ठरवलेल्या पद्धतीशिवाय कोणाचा जीव किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. म्हणजे पद्धत पाळून जीव घेता येतो, हे घटनेने गृहीत धरलं आहे. पण 1978 च्या मनेका गांधी निकालापासून ती पद्धत कशीही असून चालत नाही. ती न्याय्य, रास्त आणि वाजवी असावी लागते. फाशीच्या बाबतीत रास्त पद्धत कोणती, याचा शोध सर्वोच्च न्यायालय तेव्हापासून घेत आहे.

थोडं मागे जाऊ. 1955 पर्यंत खुनाला फाशी हाच नियम होता. जन्मठेप द्यायची असेल तर न्यायाधीशाला कारण लिहावं लागे. ती अट 1955 मध्ये गेली, आणि 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने गाडी पूर्ण उलटी फिरवली: जन्मठेप हा नियम, आणि फाशी द्यायची तर "विशेष कारणं" लिहा. शिवाय आरोपी दोषी ठरल्यावर शिक्षेबद्दल त्याचं वेगळं ऐका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत या दोन्ही तरतुदी कलम 393 आणि 258 मध्ये तशाच आल्या आहेत.

मग 9 मे 1980 चा बच्चन सिंग निकाल. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्यासह पाच न्यायमूर्तींचं पीठ होतं. चार विरुद्ध एक अशा मताने फाशी घटनेत बसते असं ठरलं, न्या. भगवती वेगळे राहिले. लोकांच्या लक्षात "फाशी वैध" एवढंच राहतं. पण त्याच निकालाने अट घातली की फाशी दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणात, आणि तीही जन्मठेपेचा पर्याय निर्विवादपणे बंद झाला असेल तरच. म्हणजे गुन्हा किती भयंकर आहे, एवढं बघून भागत नाही. तो करणाऱ्याचं वय काय, मनाची स्थिती काय, कोणाच्या दबावाखाली होता का, तो सुधारू शकतो का, हेही तोलायचं. आणि "हा सुधारणार नाही" असं सरकारचं म्हणणं असेल तर ते सरकारने पुराव्यानिशी दाखवायचं.

हा विचार किती खोल गेला ते तीनच वर्षांत दिसलं. जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला तर त्याला फाशीच, दुसरी शिक्षाच नाही, असं भारतीय दंड संहितेचं कलम 303 होतं. मिठू प्रकरणात 1983 मध्ये घटनापीठाने ते रद्द केलं. निकालपत्र चंद्रचूडांचंच. न्यायाधीशाला समोरच्या माणसाकडे बघायची मुभाच न ठेवणारा कायदा रास्त असू शकत नाही, हे त्यामागचं सूत्र. शस्त्र कायद्यातल्या अशाच सक्तीच्या फाशीचं कलम 2012 मध्ये गेलं.

आता आपल्या प्रकरणाकडे. 20 मे 2022 रोजी न्या. उदय लळीत, न्या. रवींद्र भट आणि न्या. बेला त्रिवेदी यांच्या पीठाने "मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य" हा निकाल दिला. खुनाचा दोष जिथल्या तिथे ठेवला. कोणी सुटलं नाही. त्यांनी हे बघितलं की फाशी देताना या तिघांबद्दल खालच्या कोर्टांपुढे माहिती किती होती. म्हणून त्यांनी तुरुंगातल्या वर्तणुकीचे आणि मानसशास्त्रीय तपासणीचे अहवाल मागवले, ते वाचले, आणि सुधारणेची वाट बंद झाली असं म्हणता येत नाही या निष्कर्षाला आले. शिक्षा झाली किमान 25 वर्षांची जन्मठेप. ठराविक वर्षं माफी न मिळता काढायची ही मधली शिक्षा 2008 च्या श्रद्धानंद प्रकरणातून आली. 2015 मध्ये घटनापीठाने ती उचलून धरली, पण ती द्यायचा अधिकार फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाला आहे असंही सांगितलं. सत्र न्यायाधीशाला ही सोय नाही. ही गोष्ट मला खटकते, कारण माणसाला प्रत्यक्ष बघणारं कोर्ट तेच असतं.

त्या निकालाचा खरा भार पुढच्या खटल्यांवर आहे. आरोपीच्या आयुष्याची माहिती सुरुवातीपासून गोळा करून ठेवणं आता सरकारचं काम आहे, आणि ती मागून घेणं सत्र न्यायाधीशाचं. ती माहिती कशी असते, हे शेवटच्या पत्राच्या उत्तरात सांगते.

महूहून विधी शाखेची विद्यार्थिनी: ताई, दुर्मिळातील दुर्मिळ कोणतं, याची यादी आहे का? परीक्षेत मच्छी सिंगचे पाच प्रकार लिहिले की गुण मिळतात.

परीक्षेपुरतं लिही. पण कोर्टात उभी राहशील तेव्हा बच्चन सिंग आधी वाच. त्याने मुद्दामच यादी केली नाही. 1983 च्या मच्छी सिंग निकालाने खुनाची पद्धत, हेतू, समाजावरचा परिणाम, संख्या आणि बळीची असहायता असे पाच प्रकार मांडले आणि समाजाच्या सामूहिक सदसद्विवेकबुद्धीला बसलेला धक्का हे माप आणलं. ते पाचही प्रकार गुन्ह्याचे आहेत, त्यांत गुन्हेगार कुठेच नाही. पुढे वर्षानुवर्षं फाशीचे निकाल "निर्घृण, क्रूर, समाज हादरला" या शब्दांवर उभे राहिले. 2009 मध्ये, संतोषकुमार बारियार विरुद्ध महाराष्ट्र या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच कबूल केलं की गुन्हेगाराची परिस्थिती बाजूला ठेवून दिलेले आपले काही निकाल बच्चन सिंगच्या विरोधात गेले होते.

समाज हादरतो हे खरंच आहे. पण न्यायाधीशाने स्वतःला लोकमताचा आवाज समजू नये, हा इशारा बच्चन सिंगमध्येच दिलेला आहे. वर्तमानपत्राचा मथळा हे कलम 393 मधलं विशेष कारण नव्हे. एवढं धरून ठेवलंस तर पुढचे निकाल आपोआप उलगडतील.

लोकमान्य नगरातून एक ज्येष्ठ वाचक: आपल्या राजवाड्यापाशी आईबापांच्या कुशीतून तीन महिन्यांचं बाळ उचलून नेलं होतं. एप्रिल 2018 ची घटना, 12 मे ला फाशीचा निकाल. पहिल्यांदाच वाटलं की न्याय वेळेवर झाला. आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणतं, खटला पुन्हा पहिल्यापासून चालवा. आता सांगा, यात त्या बाळाला काय मिळालं?

काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. शेवटचा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि तोच मी त्या पंधरा दिवसांना विचारते.

ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या खटल्यातला दोष आणि फाशी दोन्ही बाजूला ठेवले, कारण पंधरा दिवसांत उरकलेल्या त्या खटल्यात आरोपीला बचावाची पुरेशी संधी मिळालेली नव्हती. डीएनए आणि प्रयोगशाळेच्या अहवालांवर खटला उभा असतो तेव्हा ते अहवाल वाचायला, तज्ज्ञाला विचारून समजून घ्यायला आणि उलटतपासणीची तयारी करायला वेळ लागतो. रोजच्या रोज साक्षी झाल्या तर बचावाच्या वकिलाला कागद उलटायलासुद्धा रात्र पुरत नाही. मी हे स्वतः करत आले आहे, म्हणून सांगते.

तुम्ही म्हणाल, पण तोच गुन्हेगार असेल तर? असेलही. पण "असेल" याच्यावर दोर ओढता येत नाही. यासाठी आपल्याला दिल्लीकडे बघायची गरज नाही, शेजारचं खंडवा बघा. जानेवारी 2013 मध्ये तिथे एका लहान मुलीवर अत्याचार करून तिला मारलं. एका तरुण मजुराला धरलं. कोर्टाने ज्या दिवशी त्याला न्यायमित्र, म्हणजे वकील नसलेल्या आरोपीसाठी कोर्टाने द्यायचा वकील, नेमून दिला, त्याच दिवशी आरोप ठेवले गेले, आणि दोनेक आठवड्यांत खटला संपून फाशी झाली. उच्च न्यायालयाने ती कायम केली. डिसेंबर 2019 मध्ये न्या. लळीत यांच्या पीठाने तो खटला रद्द करून नव्याने चालवायला सांगितला आणि नियम घातला: ज्या खटल्यात जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते तिथे न्यायमित्र किमान दहा वर्षं वकिली केलेला हवा, आणि त्याला तयारीला साधारणपणे किमान सात दिवस मिळायला हवेत. पुढे आणखी वळणं आली, त्याला पुन्हा एकदा फाशी झाली, तीही टिकली नाही. मार्च 2024 मध्ये खंडव्याच्याच कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. अकरा वर्षं गेली. आणि त्या मुलीला कोणी मारलं, याचं उत्तर तिच्या आईबापांना आजही नाही. तुम्ही ज्याला वेळेवर न्याय म्हणता, त्याने त्यांचं काय केलं ते बघा. जो तपास त्या पहिल्या महिन्यात व्हायला हवा होता, तो अकरा वर्षांनी कोण आणि कसा करणार?

हे एकट्या न्यायाधीशांचं पाप नाही. बारा वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्काराला फाशीची तरतूद करणारं विधेयक मंजूर करणारी देशातली पहिली विधानसभा आपली, डिसेंबर 2017 मध्ये. त्यानंतर फाशीच्या निकालांची जणू शर्यत लागली. किती शिक्षा मिळवल्या यावर सरकारी वकिलांना गुण देण्याची पद्धत आपल्या राज्यात होती, आणि त्यात फाशीलाही गुण होते. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची दखल घेऊन राज्याकडून कागदपत्रं मागवली. सरकारी वकील हा कोर्टाचा अधिकारी असतो. आरोपीच्या बाजूचं काही त्याच्या हाती आलं तर तेही त्याने कोर्टापुढे ठेवायचं असतं. त्याच्या बढतीचा हिशेब फाशीशी जोडला तर तो ते ठेवेल का?

आणि घाईचा दुसरा प्रकार, जो बातमीत येत नाही. एका जिल्हा न्यायालयात मी पाहिलेला प्रसंग सांगते. जेवणाच्या सुट्टीआधी आरोपीला दोषी ठरवलं. साहेबांनी विचारलं, शिक्षेबाबत काही म्हणायचं आहे? त्याचा वकील उठला आणि बोलला: गरीब आहे, पहिला गुन्हा आहे, लहान मुलं आहेत. तो खाली बसला. सुट्टीनंतर फाशी सुनावली. कायद्याच्या भाषेत सुनावणी झाली होती. आरोपी कोणत्या गावचा, शाळेत गेला का, बाप काय करायचा, डोक्याला कधी मार लागला होता का, यातलं एक अक्षर कागदावर नव्हतं. असं करू नका, दोषी ठरवल्यावर पुढची तारीख द्या, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये अल्लाउद्दीन मियाँ प्रकरणात सांगून ठेवलं आहे. तरी त्याच दिवशी शिक्षा होत राहिल्या. म्हणून सप्टेंबर 2022 मध्ये, शिक्षेची खरी आणि अर्थपूर्ण सुनावणी म्हणजे काय, हा प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवण्यात आला.

खटले वर्षानुवर्षं लोंबकळावेत असं माझं म्हणणं नाही. साक्षीदारांना परत पाठवणं, न्यायवैद्यक प्रयोगशाळांत रिकाम्या जागा, तारखेवर तारीख, यांवर मी याच पानावर कितीदा लिहिलं आहे. वेळ तिथे वाचवावा. बचावाच्या वकिलाच्या तयारीतून वाचवलेला वेळ पुढे व्याजासकट भरावा लागतो, आणि तो भरतात मेलेल्याचे आईबाप.

सुदामा नगरातून: बाईला फाशी होत नाही हे खरं का? आणि सतरा वर्षांच्या मुलाला?

बाईला होऊ शकते. गर्भवती असेल तर मात्र उच्च न्यायालयाने ती बदलून जन्मठेप करायची असते. गुन्ह्याच्या वेळी अठरा पूर्ण नसतील त्याला फाशी कधीच नाही.

नागपूरहून इंदुरात आलेले एक वाचक: 2022 च्या निकालाआधी ज्यांची फाशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम झाली, त्यांना या नव्या नियमांचा काही उपयोग?

आहे, आणि तो तुमच्याच नागपूरच्या प्रकरणातून झाला. तिथल्या एका बालहत्येत फाशी झालेल्या कैद्याची पुनर्विचार याचिका 2017 मध्ये फेटाळली गेली होती. 25 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मनोज निकालातली काळजी घेतली गेली नसेल तर अनुच्छेद 32 खाली, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागून, शिक्षेचा भाग पुन्हा उघडता येतो. फक्त शिक्षेचा. दोषाचा नाही. आणि हा दरवाजा सरसकट उघडा नाही, त्रुटी स्पष्ट आणि गंभीर असावी लागते.

राजेंद्र नगरातून: सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केल्यावर राष्ट्रपतींनी दया दाखवायची, हा कोर्टाचा अपमान नाही का?

नाही. राष्ट्रपती आणि राज्यपालांना दयेचा अधिकार देणारे अनुच्छेद 72 आणि 161 हेही घटनेचेच. फाशीला एकामागून एक चाळण्या लावल्या आहेत, त्यांतली ही शेवटची. पहिली चाळणी उच्च न्यायालयाची: सत्र न्यायालयाने दिलेली फाशी आरोपीने अपील केलं नाही तरी आपोआप तिथे जाते, आणि किमान दोन न्यायमूर्तींनी सही केल्याशिवाय कायम होत नाही. नंतर सर्वोच्च न्यायालय. त्यानंतरच्या पुनर्विचार याचिकेवर 2014 पासून तीन न्यायमूर्तींपुढे उघड न्यायालयात तोंडी सुनावणी मिळते. आधी ती बंद दालनात कागदावरच निकाली निघायची.

दयेच्या अर्जाला आता मुदती आहेत: अपिलाचा निकाल तुरुंग अधीक्षकाने कळवल्यापासून तीस दिवसांत अर्ज, राज्यपालांनी नाकारला तर साठ दिवसांत राष्ट्रपतींकडे. पण अर्ज तिथे वर्षानुवर्षं पडून राहिला तर? जानेवारी 2014 च्या शत्रुघ्न चौहान निकालात अशा पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली, कारण रोज सकाळी "आज का?" असं विचारत जगायला लावणं ही शिक्षेत नसलेली वेगळी शिक्षा आहे. अर्ज फेटाळल्याचं कळवणं आणि फाशी यांत किमान चौदा दिवस हवेत, हेही त्याच निकालात आहे.

घटना समितीत 3 जून 1949 रोजी, फाशीच्या प्रत्येक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाकडे अपील असावं का, यावर चर्चा चालली असताना डॉ. आंबेडकरांनी सांगितलं होतं की त्यापेक्षा फाशीच रद्द करण्याला आपला पाठिंबा राहील. समितीने ती रद्द केली नाही. म्हणून मी तरी या चाळण्यांकडे उपकार म्हणून बघत नाही.

नाव न छापण्याच्या अटीवर: तुमच्या घरातल्या कोणावर असा प्रसंग आला असता तर तुम्ही हेच लिहिलं असतं का?

तुमच्या अक्षरावरून वाटतं की तुमच्यावर आला आहे. म्हणून नीट उत्तर देते.

मी आरोपींसाठी उभी राहिले आहे, तशी मेलेल्यांच्या घरच्यांसाठीही, सरकारी वकिलांच्या मदतीला. त्या बाजूला मी जे पाहिलं त्यात फाशीची मागणी होती, पण ती यादीत पहिली नव्हती. एका आईला हवं होतं की तारखेला गेल्यावर आरोपीच्या भावांशेजारच्या बाकावर बसावं लागू नये. साहेबांनी आज काय लिहून घेतलं ते कोणी तरी सोप्या भाषेत सांगावं. पोलिसांनी जप्त केलेली मुलीची पैंजणं परत मिळावीत. हे तिला मागावं लागलं, पुन्हा पुन्हा, आणि फाशीच्या बातमीने त्यातलं काहीच भागलं नाही. तुम्हाला हवं ते मागायचा हक्क आहे: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो, आरोपी दोषी ठरायची वाट न बघताही. स्वतःचा वकील सरकारी वकिलाच्या मदतीला देता येतो. आरोपी सुटला तर तुम्हाला अपील करता येतं. शिक्षा कमी वाटली म्हणून मात्र ते करता येत नाही, ते सरकारनेच करावं लागतं.

आणि एक प्रकरण तुमच्यापुढे ठेवते. 2003 मध्ये नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर भयंकर हल्ला झाला. भटक्या समाजातले सहाजण पकडले गेले. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी योग्य ठरवली. मार्च 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितलं. त्यांतला एकजण घटनेच्या वेळी अठराचाही नव्हता. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या 2016 च्या अहवालानुसार फाशीच्या कैद्यांपैकी सुमारे 74 टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बळ होते. चांगला वकील परवडत नाही, जामिनाला माणूस नाही, अशाच माणसावर चूक होते, आणि तीच दुरुस्त व्हायला सोळा वर्षं लागतात. तुमच्या दुःखावर खोटा माणूस लटकावला जाऊ नये, असं मला तुमच्यासाठीही वाटतं. तुम्हाला बोलायचं असेल तर संपादकांकडे माझा पत्ता आहे.

एक निवृत्त शिक्षिका, इंदूर: मी आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलं. माझा एक जुना विद्यार्थी खुनाच्या खटल्यात दोषी ठरला आहे, शिक्षा अजून व्हायची आहे. एक प्रोबेशन ऑफिसर घरी येऊन त्याच्या लहानपणाबद्दल विचारून गेले, पुन्हा येणार आहेत. मुलगा म्हणतो, "आई, कशाला त्या भानगडीत पडतेस, लोक म्हणतील खुन्याची बाजू घेतली." मी काय करू?

बाई, बोला. वर ज्या निकालांबद्दल लिहिलं, ते सगळे शेवटी तुमच्यासारख्या माणसाच्या बैठकीच्या खोलीत येऊन पोचतात. 2022 च्या मनोज निकालाने जी माहिती मागितली आहे त्यात वय, बालपणीची आणि आत्ताची कौटुंबिक परिस्थिती, शिक्षण, कमाई, मानसिक आजार, घरातली मारहाण, असं सगळं येतं. ती कोर्टाला कोण देणार? आई बोलली तर म्हणतात, आई आहे, बोलणारच. शिक्षिकेच्या सांगण्याला वजन असतं.

मुलाला सांगा की तुम्हाला गुन्ह्याबद्दल कोणी विचारलेलं नाही. तो त्याने केला की नाही हे ठरून गेलं आहे. तुम्हाला विचारलं आहे ते तो कोण होता हे.

"चांगला मुलगा होता" असं सांगू नका, त्याचा काही उपयोग नाही. जे पाहिलं ते सांगा. डबा आणायचा का. अंगावर वळ दिसायचे का. बापाचा व्यवसाय काय होता, शाळेत न्यायला कोण यायचं, कोणत्या इयत्तेत शाळा सुटली आणि का. अक्षर लावताना अडखळायचा का, फिट यायची का. वाईट आठवत असेल तर तेही सांगा. मुलांना मारायचा, खोटं बोलायचा, जे असेल ते. पुसून-पासून दिलेला अहवाल सरकारी वकील दोन प्रश्नांत उडवतो. आठवत नसेल तिथे "आठवत नाही" म्हणा.

शाळेच्या स्कॉलर रजिस्टरमधली त्याची नोंद कोणाकडे आहे हे तुम्हाला नक्की माहीत असेल. शाळा बंद झाली असेल तर रजिस्टरं कुठे गेली तेही. हे फार महत्त्वाचं आहे. पुण्यात 1994 मध्ये झालेल्या एका हत्याकांडात फाशी झालेला एक कैदी मार्च 2023 मध्ये सुटला, 28 वर्षांहून जास्त तुरुंगात काढल्यावर. राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या नोंदीवरून सिद्ध झालं की गुन्ह्याच्या वेळी तो जेमतेम साडेबारा वर्षांचा होता. वयाचा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर, निकाल अंतिम झाल्यावरसुद्धा, उपस्थित करता येतो. तुमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तो लागू असेलच असं नाही, पण ती नोंद कोर्टासमोर असलेली बरी.

ऑफिसर जे लिहून घेतील ते बहुधा हिंदीत असेल. सही करण्याआधी पूर्ण वाचून घ्या, तुमच्या बोलण्यापेक्षा वेगळं आलं असेल तर तिथेच दुरुस्त करायला सांगा, आणि एक प्रत मागा. तुम्हाला कोर्टात यावं लागलंच तर आदल्या दिवशी मला कळवा, मी तुमच्यासोबत येईन. वर्गाचे जुने हजेरीपट घरात असतील तर ते काढून ठेवा. सलग गैरहजेरीचे महिने कोणते होते, ते ऑफिसरांना दाखवा आणि कारण माहीत असेल तर सांगा.